वाचकांचे प्रश्न : मृगातला तेजोमेघ पांढराफटक का येतो?

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरात मित्रांबरोबर जांबोटीच्या पुढे जाऊन मृगातल्या तेजोमेघाचे, म्हणजे एम 42 चे, फोटो काढले. साधा डीएसएलआर, 135 मिलिमीटरची लेन्स, छोटा ट्रॅकर (ताऱ्यांच्या चालीबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र). एकेक मिनिटाचे 120 फोटो. रात्री आठला सुरू केलं, दहाला आवरलं. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केल्यावर, म्हणजे सगळे फोटो जुळवून त्यांचा एक केल्यावर, आकाश एका बाजूला तपकिरी, सगळ्यावर हिरवट झाक आणि तेजोमेघाचा मधला भाग पांढराफटक. सॅच्युरेशन वाढवलं तर आकाशभर लाल-हिरवे ठिपके उठले. कुठं चुकलं?
एक विद्यार्थी, टिळकवाडी

उत्तर : स्टॅक केलेली मूळ फाइलही पाठवलीस हे फार चांगलं केलंस. उघडून बघितली. तुझे रंग तिच्यात शाबूत आहेत. ते गेलेत नंतरच्या कामात.

शहापुरात मी 22 वर्षं रंगीत फोटो छापले. नवरीच्या चेहऱ्यावर पडलेली ट्यूबलाइटची हिरवी झाक एनलार्जरचे फिल्टर पायरीपायरीने बदलत घालवायची, हे रोजचं काम. तिथं शिकलो ते इथंही लागू आहे: आधी झाक काढायची, मग उजळायचं. तू आधी स्ट्रेच केलंस, म्हणजे अंधूक भाग ताणून उजळलास, आणि मग रंगांच्या मागे लागलास.

स्टॅक होऊन आलेली फाइल जवळजवळ काळी दिसते. तिला तशीच राहू दे. ऑटोस्ट्रेचमध्ये बघ, त्याने फक्त पडद्यावरचं दृश्य उजळतं, आतले आकडे बदलत नाहीत. पहिल्यांदा खराब कडा काप. मग बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे आकाशावर चढलेला उजेड मोजून वजा करणं. जांबोटीहून बेळगाव ईशान्येला येतं, आणि डिसेंबरात आठ वाजता मृग पूर्वेला खालीच असतो. शहराचा उजेड तुझ्या चित्रात एका बाजूने चढला तो त्यामुळे. त्या दिवसांत मृग माथ्याजवळ यायला रात्रीचे बारा वाजतात. तेव्हा हा तेजोमेघ आपल्याकडून क्षितिजापासून जवळपास 69 अंश वर असतो. पुढच्या वेळी दहाला सुरू कर की. एक्स्ट्रॅक्शन करताना सॉफ्टवेअर नमुन्याचे चौकोन तेजोमेघावरही टाकतं. ते हाताने काढून टाक, नाहीतर अंधूक धूळ आणि वायूही उजेडाबरोबर पुसले जातात. तुझ्या चित्रात पट्ट्यातल्या ताऱ्यांजवळचा भाग असाच गेलाय.

हिरव्या झाकेची काळजी करू नकोस. सेन्सरची हिरव्याला दाद जास्त असते आणि रॉ फाइलला व्हाइट बॅलन्स लागलेला नसतो, म्हणून ती येतेच. फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन चालव. सॉफ्टवेअर चित्रातले तारे ओळखतं आणि कॅटलॉगमधल्या त्यांच्या मोजलेल्या रंगांशी तुझे रंग ताडून बघतं. लग्नाच्या फोटोत मी पांढरा सदरा शोधायचो. इथं शेकडो तारे तेच काम करतात. हिरवा नॉइज काढायचं बटण मात्र जपून वापर. या तेजोमेघाच्या गाभ्यात ऑक्सिजनचा खराखुरा हिरवट-निळा प्रकाश आहे, पूर्ण जोर लावलास तर तोही जाईल.

आता स्ट्रेच. रंग इथंच सगळ्यात जास्त मरतात, म्हणून आकडे मांडून दाखवतो. समज, एका पिक्सेलमध्ये लाल 400, हिरवा 200, निळा 100 आहे. लाल निळ्याच्या चौपट. प्रत्येक रंगाला वेगवेगळी वक्ररेषा लावलीस, साधं वर्गमूळ घेतलंस असं धर, तर ते 20, 14 आणि 10 होतात. चौपटीचं दुप्पट झालं. चित्र उजळलं आणि रंग विटला. आसिंह (asinh) नावाचा स्ट्रेच तिन्ही आकड्यांना एकाच पटीने वाढवतो, त्यामुळे चारास एक हे प्रमाण तसंच राहतं. आधी तो लाव, थोडा थोडा, दोन-तीन वेळा. उरलेलं काम कर्व्हवर कर. मग सॅच्युरेशनला फारसा हात लावावा लागत नाही.

पांढऱ्या गाभ्याचं दुखणं वेगळं आहे. मूळ फाइलमध्येच तिथले तिन्ही रंग टोकाला जाऊन टेकलेत, आणि टेकलेला आकडा कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. त्यासाठी 5 सेकंदांचे वीस आणि 1 सेकंदाचे वीस फोटो वेगळे काढ, वेगळे स्टॅक कर आणि मास्क लावून, म्हणजे बाकीचं चित्र झाकून, फक्त गाभ्यात मिसळ. आतले ट्रॅपेझियमचे चार तारे सुटे दिसायला लागले की समज जमलं.

ठिपके हा नॉइज आहे. फोटो चौपट केलेस की तो निम्मा होतो, म्हणजे 120 चे 480. दोन-तीन रात्री लागतील, लागू देत. दर थोड्या फोटोंनंतर कॅमेरा काही पिक्सेल इकडेतिकडे सरकव, त्याला डिदरिंग म्हणतात. नाहीतर तिरप्या रेघा उमटतात, तुझ्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात त्या आहेतही. डार्क फोटो, म्हणजे लेन्सवर झाकण ठेवून काढलेले, त्याच आयएसओवर, तेवढ्याच वेळाचे आणि तिथल्याच थंडीत घे. फ्लॅटसाठी, म्हणजे कडांचा काळोख आणि धुळीचे डाग घालवायला लागणाऱ्या एकसारख्या उजेडाच्या फोटोंसाठी, मी वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा दुहेरी करून लेन्सवर ताणतो आणि पहाटेच्या फिकट आकाशाकडे धरतो. फोकसची रिंग तोवर हलवायची नाही. सॅच्युरेशन वाढवायचंच असेल तर उजळ भागाचा मास्क करून तेवढ्यातच वाढव.

बारकाव्यांसाठी शार्पनिंगही त्याच मास्कमधून. स्टारनेट या प्रोग्रॅमने तारे वेगळे काढून तेजोमेघावर स्वतंत्र काम केलंस तर ताऱ्यांभोवती काळी कडी येत नाहीत. आकाश कधी पूर्ण काळं करू नकोस. 255 पैकी 20 ते 30 वर ठेव, कारण अंधूक धूळ तिथंच असते. आणि दवाला विसरू नकोस. गेल्या जानेवारीत कणकुंबीला पहाटे तीन वाजता लेन्सवर हात फिरवला तर ओली होती. मागच्या दोन तासांतला एकही तारा टोकदार नव्हता आणि त्यावर काही उपाय चालला नाही. आता लेन्सभोवती गरम पट्टी बांधल्याशिवाय मी पहिला फोटो घेत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी काढलेला याच तेजोमेघाचा गुलाबी फोटो लावला होता. शेजारी दुर्बीणही होती, तिच्यातून तो राखाडी दिसला. पालक म्हणाले, "बाई, रंग तुम्ही भरलेत." त्यांना काय सांगू?
एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : बाई, रंग तिथलाच आहे हे ठामपणे सांगा. मंद उजेडात आपल्या डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंग कळत नाही. कॅमेरा मिनिटामिनिटाने प्रकाश साठवत जातो. तेजोमेघातला हायड्रोजन 656.3 नॅनोमीटरला लाल प्रकाश देतो, 486.1 ला निळसर. दोन्ही मिसळून गुलाबी होतं. जवळच्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये हायड्रोजनची डिस्चार्ज ट्यूब मिळाली तर पुढच्या प्रदर्शनात फोटोशेजारी पेटवून ठेवा. तीही गुलाबीच पेटते. मुलं ते विसरणार नाहीत.

उलट साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच 656.3 चा बराचसा प्रकाश अडवते, त्यामुळे तुमच्या फोटोत लाल असायला हवा त्याहून कमीच आला असेल. मात्र सगळेच फोटो असे नसतात. हबलने 1995 साली गरुड तेजोमेघातल्या खांबांचा जो प्रसिद्ध फोटो घेतला, त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला आहे. ती वायू वेगळे ओळखू यावेत म्हणून केलेली वाटणी आहे. तसा फोटो लावलात तर खाली तसं लिहा. पालकांना शंका आली यात वावगं काही नाही, आणि प्रत्येक फोटोखाली तो कसा केला हे दोन ओळींत असावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : पडद्यावर सुंदर दिसणारा कृत्तिकांचा फोटो छापून आणला तर काळवंडतो, निळी धूळ दिसतच नाही. लॅब बदलू का?
एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी पडद्याचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून फोटो पुन्हा बघा. कागद स्वतः उजळत नाही, तेव्हा छापायची प्रत पडद्यावर थोडी फिकटच वाटली पाहिजे. फाइल एसआरजीबी (sRGB) या रंगपद्धतीत द्या आणि काउंटरवर सांगा, "ऑटो करेक्शन बंद ठेवा." ही मशिनं माणसांच्या फोटोंसाठी लावलेली असतात, एवढं काळं आकाश दिसलं की ती आपल्या अंदाजाने उजेड आणि रंग बदलतात. कृत्तिकांभोवतीची धूळ ताऱ्यांचाच निळा प्रकाश विखुरते. ती इतकी मंद असते की त्या बदलात पहिली तीच जाते. मोठी प्रिंट काढण्याआधी एकाच 4 बाय 6 कागदावर कमी, मध्यम आणि जास्त उजेडाच्या तीन पट्ट्या छापून घ्या, आणि त्या दुकानातल्या ट्यूबखाली न बघता दारात दिवसाच्या उजेडात बघा.