एलएसडी, मशरूम आणि कायदा : बंदी नेमकी कशावर हवी?

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, आमच्या घरात सध्या एकाच विषयावरून रोज वाद होतो. मुलगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. एलएसडी, मॅजिक मशरूम या भास घडवणाऱ्या द्रव्यांवरची बंदी चुकीची आहे, दारू त्याहून घातक असून राजरोस विकली जाते, असं तिचं म्हणणं. नैराश्यावर त्यांचा औषध म्हणून उपयोग होतो, असंही ती सांगते. मी म्हणतो, बंदी घातली ती काही उगाच नाही, आणि उठवली तर पोरं हाताबाहेर जातील. ती स्वतः काही घेत असेल असं वाटत नाही, पण विचारायचं धाडस होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून स्पष्ट सांगा, ही द्रव्यं बेकायदा असावीत की नसावीत?
– एक वडील

उत्तर : नमस्कार. स्पष्ट विचारलंत, तर स्पष्टच सांगते. दुकानात मांडून विकायला माझा ठाम विरोध आहे. उपचारासाठी, प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली वापरायची वाट मोकळी व्हायला हवी. आणि स्वतःपुरतं जवळ बाळगणाऱ्याला तुरुंगात टाकू नये. हे तिसरं वाक्य तुम्हाला खटकेल, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

मी इमर्जन्सीच्या ड्यूटीवर असताना एका रात्री तिघं मित्र चौथ्याला धरून घेऊन आले. विशीतला मुलगा. अंग तापलेलं, बाहुल्या विस्फारलेल्या, नाडी पळत होती आणि कॉटच्या दांड्या घट्ट धरून तो ओरडत होता. काय घेतलं, असं विचारलं तर तिघांचं एकच उत्तर, ‘काही नाही, बाहेरचं खाल्लं होतं.’ मेंदूज्वर असेल म्हणून त्या दिशेने तपासण्या सुरू झाल्या. बऱ्याच वेळाने त्यांच्यातल्या एकाने मला जिन्यापाशी गाठलं आणि हळूच विचारलं, ‘मॅडम, सांगितलं तर पोलिसांना कळवाल का?’ मग कळलं की एलएसडी म्हणून घेतलेला कागदाचा तुकडा जिभेवर ठेवला होता, आणि तो खूप कडू लागला होता.

त्या कडूपणाने मला धडकी भरली. एलएसडीला जवळजवळ चव नसते. त्याच्या नावाखाली एनबोम गटातली रसायनं विकली जातात. दिसायला तसाच चित्र छापलेला कागद, पण त्याने ताप मेंदूपर्यंत चढतो, झटके येतात, माणसं दगावलेली आहेत. २०१५ मध्ये त्यातली तीन रसायनं आंतरराष्ट्रीय बंदीच्या यादीत गेली. आमचा तो मुलगा वाचला. पण जी वेळ हातून गेली ती त्या मित्रांच्या वाईटपणामुळे नाही गेली. ते जिवाभावाचे मित्र होते. त्यांना मित्र मरेल याची भीती होती आणि आपण गजाआड जाऊ याचीही, आणि दुसरी भीती पहिलीवर वरचढ ठरली. जो कायदा माणसाला डॉक्टरशी खोटं बोलायला लावतो, तो लोकांच्या आरोग्यासाठी आहे असं मी मानायला तयार नाही.

आता तुमच्या मुलीच्या मुद्द्यांकडे येते. दारूबद्दल तिचं बरोबर आहे. २०१० साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटिश तज्ज्ञांनी वीस मादक पदार्थांना, घेणाऱ्याचं आणि इतरांचं नुकसान मोजून, शंभरपैकी गुण दिले होते. दारू ७२ गुणांवर सगळ्यात वर, हेरॉइन ५५ आणि मशरूम ६ गुणांवर सगळ्यात खाली. एलएसडीही तळाशीच. एलएसडी आणि मशरूमची शारीरिक सवय लागत नाही. लागोपाठ घेतली तर परिणामच होईनासा होतो, म्हणून रोजचं व्यसन सहसा जडत नाही. पण तिला हेही सांगा की दारूचे गुण इतके जास्त असण्याचं एक कारण म्हणजे ती घरोघरी पोचलेली आहे. मशरूमही तशीच सर्रास मिळू लागली तर तो आकडा सहावर थांबेल, याची हमी ती यादी देत नाही.

आणि इथे तुमचं बरोबर आहे. ही द्रव्यं मेंदूत सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या एका ठरावीक रिसेप्टरवर, म्हणजे ते रसायन जिथे जोडलं जातं त्या जागेवर, काम करतात. मशरूमचा अंमल चार ते सहा तास राहतो, एलएसडीचा आठ ते बारा तास. बहुतेक जण त्यातून सुखरूप बाहेर येतात. सगळे येत नाहीत. ज्याच्या आईला किंवा मामाला स्किझोफ्रेनिया आहे, घरात बायपोलर आजार (कधी उन्माद, कधी नैराश्य) आहे, त्याच्यासाठी तो एक अनुभव दीर्घ आजाराचं दार उघडणारा ठरू शकतो. असा एक मुलगा माझ्याकडे अनेक वर्षं येत होता. अभियांत्रिकीचा, हुशार, हसतमुख. त्याची आई दर वेळी तोच प्रश्न विचारायची, ‘ते घेतलं नसतं तर हा बरा राहिला असता का?’ याचं खात्रीचं उत्तर कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. आजार कदाचित नंतरही आला असता. पण त्या आईचा चेहरा आठवला की ‘निरुपद्रवी आहे, विकू द्या’ हे माझ्या तोंडून निघत नाही. संशोधनाच्या चाचण्यांमध्ये असा कौटुंबिक इतिहास असलेल्यांना सुरुवातीलाच वगळतात. दुकानदार वगळणार आहे का?

‘बंदी उगाच घातलेली नाही’ या तुमच्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. एलएसडी १९३८ मध्ये अल्बर्ट हॉफमन यांनी बाझेलच्या सँडोझ कंपनीत तयार केलं आणि १९४३ मध्ये त्यांना त्याचा परिणाम कळला. पुढची वीसेक वर्षं मानसोपचारात त्याच्यावर भरपूर काम झालं, हजारावर शोधनिबंध निघाले. ते काम ढिसाळ होतं, आजच्या कसोटीला उतरणार नाही, पण ते सुधारायची संधीच मिळाली नाही. द्रव्य प्रयोगशाळेबाहेर पसरलं, तरुणांच्या बंडाशी त्याचं नाव जोडलं गेलं आणि १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात एलएसडी, सायलोसायबिन (मॅजिक मशरूममधलं मुख्य द्रव्य), मेस्कलिन (निवडुंगातलं भास घडवणारं द्रव्य) हे सगळे सर्वांत कडक पहिल्या यादीत गेले. मॉर्फिन आमच्या वॉर्डात कुलूपबंद कपाटात असतं. त्याचं व्यसन लागतं, मात्रा चुकली तर श्वास थांबतो. तरी आम्ही नोंदवहीत सही करून ते देतो, कारण कर्करोगाच्या रुग्णाला त्याची गरज असते. म्हणजे धोकादायक द्रव्य शिस्तीत वापरायची पद्धत आपल्याकडे आहेच. ती या द्रव्यांसाठी का नको?

मुलगी कायदा शिकतेय, तर तिला ‘चॅपमन विरुद्ध अमेरिका’ हा १९९१ चा खटला वाचायला सांगा, आणि तुम्हीही तिच्याबरोबर वाचा. आरोपीने एलएसडीचे हजार डोस विकले होते. शुद्ध एलएसडी सुमारे ५० मिलिग्रॅम, पण कागदासकट वजन ५.७ ग्रॅम. एक ग्रॅमच्या वर गेलं की किमान पाच वर्षं शिक्षा सक्तीची. सर्वोच्च न्यायालयाने कागदाचं वजन धरलं. तेच एलएसडी शुद्ध स्वरूपात सापडलं असतं तर ती सक्ती लागू झाली नसती. विकणाऱ्याबद्दल मला कळवळा नाही. पण माणसाच्या आयुष्याची वर्षं टीपकागदाच्या जाडीवर ठरावीत, हे मला सहन होत नाही. नेदरलँड्सचंही तसंच. तिथे २००७ मध्ये मशरूम खाल्लेल्या एका किशोरवयीन पर्यटक मुलीचा उडी मारून मृत्यू झाला, आणि २००८ च्या डिसेंबरमध्ये मशरूमवर बंदी आली. त्याच बुरशीच्या जमिनीखालच्या गाठी मात्र कायदेशीर राहिल्या, ज्यांच्यात तेच सायलोसायबिन असतं. आणि धोतरा? त्याच्या बियांनी भास होतात, भान जातं, जीवही जातो. बहुतेक देशांच्या अमली पदार्थांच्या यादीत तो नाही.

नैराश्यावरच्या उपयोगाबद्दल मी आशावादी आहे, पण बेताने. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांना दुसऱ्या औषधांनी गुण आला नव्हता अशा २३३ रुग्णांना सायलोसायबिनची एकच मात्रा दिली. तीन आठवड्यांनी, २५ मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना चांगला फरक पडला. नाममात्र एक मिलिग्रॅम घेतलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के. बाराव्या आठवड्यापर्यंत टिकलेला फरक २० आणि १० टक्के. वर्षानुवर्षं नैराश्यात रुतलेल्या रुग्णासाठी हे थोडं नाही. पण जादूही नाही. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञ अशा रुग्णांना ते देऊ शकतात. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये मान्यताप्राप्त केंद्रात, आधी तयारीची बैठक घेऊन, मदतनिसाच्या समोरच ते घ्यावं लागतं. घरी नेता येत नाही. या वाटा मला पटतात.

वापरणाऱ्याचं काय करायचं, हे पोर्तुगालने २००१ पासून दाखवलंय. स्वतःपुरती, दहा दिवसांची ठरलेली मात्रा जवळ असली तर फौजदारी खटला नाही. माणूस एका समितीपुढे जातो, तिथे गरज असेल तर उपचारांकडे वळवतात. विक्री तिथेही गुन्हाच आहे. ऑरेगनने २०२० मध्ये असंच काही करायला घेतलं आणि २०२४ मध्ये मागे घेतलं. उपचारांची सोय उभी व्हायच्या आत शिक्षा काढली, त्यामुळे रस्त्यावरचे हाल लोकांना दिसत राहिले. शिक्षा काढायची तर आधी दवाखाना उघडा, इतकं तरी त्यातून घ्यावं.

राहता राहिली तुमची न विचारलेली गोष्ट. विचारा तिला. वादाच्या भरात नको, चौकशीच्या सुरात नको. ‘तू कधी घेतलंस तर मला सांगशील का, आणि काही त्रास झाला तर कुठल्याही वेळी मला फोन करशील का?’ एवढंच. आणि घराण्यात कुणाला मानसिक आजार असेल, तो आजवर मुलांपासून लपवला असेल, तर तो आता तिला सांगा. त्या माहितीवर तिचा हक्क आहे.

प्रश्न : मला बायपोलर आजार आहे, त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. मशरूमने गोळ्या कायमच्या सुटतात असं एका मित्राने सांगितलं. माझ्या डॉक्टरांना विचारायची भीती वाटते.
– नाव नको

उत्तर : घेऊ नका. लिथियम चालू असताना एलएसडी किंवा मशरूम घेतल्यावर झटके आल्याच्या नोंदी आहेत, आणि बायपोलर आजारात या द्रव्यांनी उन्माद उसळू शकतो. त्यासाठी लिथियम बंद करायचा विचारही मनात आणू नका. ते अचानक थांबवलं तर आजार उलटतो आणि आत्महत्येचा धोका वाढतो. गोळ्यांचा कंटाळा येणं मला पूर्ण समजतं. हात थरथरतात का, वजन वाढलंय का, तहान फार लागते का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं. मित्राने काय सुचवलं तेही सांगा. रुग्णाने खोलीत सांगितलेलं गुपित ठेवायला आम्ही बांधील असतो. एकदम तोंडी बोलवत नसेल तर हा अंक त्यांच्या टेबलावर ठेवा आणि तुमच्या प्रश्नावर बोट ठेवा.