दत्तक बाळाची रजा मागताना संकोच कशाचा?

दत्तक घेण्याच्या विचारात असलेले किंवा नुकतेच मूल घरी आणलेले पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा पहिल्या-दुसऱ्या भेटीत एक प्रश्न हमखास निघतो: "सरकारकडून काही मदत मिळते का हो?" विचारताना आवाज खाली येतो आणि लगेच "पैशांसाठी नाही विचारत" अशी पुस्ती जोडली जाते. हा संकोच इतक्या वेळा पाहिला आहे की त्यावर लिहिणे आवश्यक वाटले.

एका जोडप्याचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पत्नी केंद्र सरकारच्या नोकरीत, पती खासगी कारखान्यात. सात महिन्यांची मुलगी त्यांच्या घरी आली आणि ती नऊ महिन्यांची असताना जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश हाती पडला. सुरुवातीला पतीच बोलले. "मॅडम, शेजारच्या मुलाचे वडील वारले, त्याला दरमहा 2,250 रुपये येतात. आमच्या मुलीला का नाहीत?"

ती रक्कम राज्याच्या बालसंगोपन योजनेची. ज्या मुलाला आई-वडील नाहीत किंवा दोघांपैकी एकाचाच आधार उरला आहे, त्याचे संगोपन कुटुंबातच व्हावे म्हणून ती दिली जाते. दत्तकाचे तसे नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे दत्तक आदेश लागू झाल्यापासून मूल सर्व अर्थांनी त्या दांपत्याचे अपत्य ठरते, वारसाहक्कासह. म्हणून दत्तकासाठी वेगळे मासिक अनुदान नाही. मात्र पोटच्या अपत्याला जे जे मिळते ते ते दत्तक अपत्यालाही मिळते. प्राप्तिकर कायद्यातील अपत्याच्या व्याख्येत दत्तक अपत्य येते आणि दहा वर्षांखालील दत्तक मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खातेही उघडता येते.

पतींचे समाधान झाले. पत्नी मात्र गप्प होत्या. पुढच्या एका भेटीत त्यांनी पर्समधून चार घड्या घातलेला रजेचा अर्ज काढला. सगळे रकाने भरलेले होते, फक्त 'रजेचे कारण' कोरे होते.

"अर्जित रजा संपत आली आहे. पण ही दत्तक रजा मागू कोणत्या तोंडाने? मी बाळंत कुठे झाले आहे?"

नियम त्यांना माहीत होता. दोनपेक्षा कमी अपत्ये असलेल्या केंद्रीय महिला कर्मचाऱ्याने एक वर्षाखालील बाळ दत्तक घेतल्यास 180 दिवसांची रजा मिळू शकते, आणि दत्तक पित्याला 15 दिवसांची. अडले होते ते नियमापाशी नव्हते. मी रजेचा विषय बाजूला ठेवून विचारले, "बाळ झोपते कोणाजवळ?"

"कोणाजवळच नाही. मांडीवर घेतले की अंग ताठ करते. दिवा मालवला की दचकून उठते. चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा माझा पदर मुठीत धरून झोपली."

"शिशुगृहातल्या मावश्या तिच्या आयुष्यातून एका दिवसात गेल्या. आता पदर धरायला लागली आहे, तर दिवसभराचे माणूस पुन्हा बदलायचे का?"

त्या बराच वेळ अर्जाकडे पाहत राहिल्या. मग पतीच म्हणाले, "म्हणजे ही रजा हिची नाही, बाळाची आहे." पत्नींनी माझ्याच टेबलावरचे पेन घेऊन तो रकाना भरला. अशा क्षणी समुपदेशकाने मध्ये बोलू नये असे मी मानते आणि ते मला साधले, याचे समाधान आहे.

माझ्या अनुभवात आर्थिक लाभांच्या प्रश्नाआड अनेकदा हीच शंका असते: आपण खरे आई-बाप आहोत का? बाळाचा पहिला विश्वास ज्या हातांवर बसतो, त्या हातांनी जन्म दिला की नाही याला बाळाच्या लेखी महत्त्व नसते; ते हात रोज तेच असावेत, एवढेच त्याला हवे असते. त्यामुळे मिळण्याजोगी प्रत्येक रजा पालकांनी मागावी, असा माझा आग्रह असतो.

खासगी नोकरीतील मातांची वाट अधिक कठीण राहिली आहे. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने त्यांना बाळ हाती आल्यापासून 12 आठवड्यांची पगारी रजा दिली, पण बाळ तीन महिन्यांहून लहान असण्याची अट घातली. सोडून दिलेले बाळ दत्तकासाठी कायद्याने मोकळे झाल्याचे जाहीर होण्यातच दोन महिने जाऊ शकतात, मग ही अट पाळायची कोणी? ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली गेली, हे योग्यच झाले. आपल्याला आज काय लागू आहे ते आस्थापनेला लेखी विचारावे. कंपनीचे धोरण कायद्याहून उदार असू शकते.

दिव्यांग बाळ स्वीकारणाऱ्या घरांना मी आणखी दोन गोष्टी सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी व उपचार मोफत आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असल्यास 'निरामय' या आरोग्य विम्याचे एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. वर्षानुवर्षांच्या थेरपीपुढे ही रक्कम तोकडी आहे, आणि या मुलांच्या दत्तक पालकांसाठी तरी नियमित मासिक साहाय्य असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.