सीडी-लेबलचं जुनं सॉफ्टवेअर नव्या मॅकवर

आधी सॉफ्टवेअर किती जुनं आहे ते बघा. फाइंडरमध्ये त्यावर क्लिक करून 'गेट इन्फो' उघडा. तिथे 'पॉवरपीसी' (इंटेलच्या आधी मॅकमध्ये असलेली चिप) दिसलं तर ते २०११ च्या लायन या मॅकओएस आवृत्तीपासून चालत नाही. त्याआधीची आवृत्ती, स्नो लेपर्ड, हाच शेवटचा आसरा. इंटेलसाठीचं पण ३२-बिट (आजच्या ६४-बिटच्या आधीच्या जुन्या पद्धतीचं) असेल तर २०१८ च्या मोहावे आवृत्तीपर्यंत चालेल. २०१९ च्या कॅटालिनाने ३२-बिटला दार बंद केलं, आणि सेटिंग्ज कितीही बदलल्या तरी ते उघडत नाही. त्यात वेळ घालवू नका.

३२-बिट सॉफ्टवेअर असेल आणि मॅक इंटेल चिपचा असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (मॅकच्या आत चालणारा आभासी संगणक) मोहावे टाका, काम होतं. एम-चिपच्या (ॲपलच्या स्वतःच्या, एम१ वगैरे) मॅकवर हा मार्ग नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर जुना मॅक असेपर्यंत त्यावर सगळी लेबलं उघडून पीडीएफ करून ठेवा. सॉफ्टवेअरपेक्षा तुमची डिझाइन्स मोलाची आहेत, आणि पीडीएफ कुठेही उघडते. पुढची लेबलं साध्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्येही होतात: डिस्क १२० मिलिमीटरची, लेबल त्याहून किंचित लहान. नेमकं माप मात्र लेबलच्या पाकिटावरूनच घ्या. छापताना स्केल १०० टक्केच ठेवा, 'फिट टू पेज' नको. पहिली प्रत साध्या कागदावर काढा, लेबलच्या शीटवर ठेवून उजेडात धरा.