'मॅसिव्ह रेझिस्टन्स'ला प्रतिकार म्हणावं का?

प्रश्न असा आहे की अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीवर लिहिताना 'मॅसिव्ह रेझिस्टन्स'ला, म्हणजे काळी-गोरी मुलं एका शाळेत येऊ नयेत म्हणून गोऱ्या राजकारण्यांनी चालवलेल्या विरोधाला, 'व्यापक प्रतिकार' म्हटलं तर चालेल का. डिक्शनरीप्रमाणे बरोबरच आहे, पण मला नाही पटत. मराठीत प्रतिकार करतो तो ज्याच्यावर हल्ला झालाय तो, अन्यायाचा प्रतिकार, निःशस्त्र प्रतिकार, अगदी रोगप्रतिकारशक्ती घ्या, तिथेही शरीर स्वतःला वाचवतंय. आणि इथे कोण करत होतं बघा, व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड, राज्याचं सगळं राजकारण ज्यांच्या मुठीत होतं ते.

१९५४ ला सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांमधलं काळं-गोरं वेगळं बसवणं घटनाबाह्य ठरवलं, १९५६ ला बर्डनी 'मॅसिव्ह रेझिस्टन्स'ची घोषणा दिली आणि त्याच वर्षी राज्याने कायदाच केला की कोर्टाच्या हुकमाने काळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत येणार असतील तर ती शाळाच बंद करायची. १९५८ च्या सप्टेंबरात फ्रंट रॉयल, शार्लट्सव्हिल, नॉरफोकमध्ये शाळांना खरंच टाळं लागलं, एकट्या नॉरफोकमध्ये जवळजवळ १०,००० मुलं घरी बसली आणि त्यात बहुतेक गोरीच होती! प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच चालवल्या नाहीत, गोऱ्यांसाठी खाजगी शाळा काढली, काळ्या मुलांची वर्षंच्या वर्षं गेली.

याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, अडवणूक. अडवणूक तोच करू शकतो ज्याच्या हातात किल्ली किंवा शिक्का असतो, दाखला अडवतात, पेन्शन अडवतात तसं. १९६३ ला अलाबामाचे गव्हर्नर वॉलेस तर काळ्या विद्यार्थ्यांना आत येऊ न देण्यासाठी युनिव्हर्सिटीच्या दारातच उभे राहिले, म्हणजे शब्दशः वाट अडवून. म्हणून मी 'चौफेर अडवणूक' लिहीन, 'व्यापक'पेक्षा 'चौफेर' बरं वाटतं कारण कायदा, पैसा, पोलीस सगळीकडूनच होतं ते. 'असहकार' तर नकोच, त्यात लोक सरकारची साथ सोडतात, इथे सरकारच आडवं आलेलं. बर्ड यांचे स्वतःचे शब्द म्हणून सांगायचं असेल तेवढ्यापुरतं अवतरणात 'प्रतिकार' ठेवा.

त्याच प्रिन्स एडवर्ड काउंटीत १९५१ ला बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या काळ्या मुलीने शाळेच्या हलाखीविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप घडवला, त्यातून उभा राहिलेला खटला पुढे १९५४ च्या निकालात सामील झाला. प्रतिकार हा शब्द मी तिच्यासाठी ठेवीन.