‘सॉरी’ म्हणजे तिथे माफी नसते गं

तुझं पत्र वाचलं. लंडनच्या टीम लीडचे वडील गेले, तू हिंजवडीच्या ऑफिसातून घाईघाईत चॅटवर ‘युवर फादर एक्स्पायर्ड, सो सॅड, हाऊ डिड इट हॅपन?’ असं टाकलंस, त्याने नुसतं ‘थँक्स’ म्हटलं आणि तुला ३ दिवस झोप नाही.

अगं पोरी, आधी शांत हो. काळजी वाटली म्हणूनच लिहिलंस ना. ‘एक्स्पायर्ड’ आपल्याकडे सर्रास माणसासाठी वापरतात, पण तिकडच्या कानाला ते दुधाची नाहीतर पासपोर्टची मुदत संपल्यासारखं लागतं, तिथे ‘पास्ड अवे’ किंवा सरळ ‘डाइड’. आणि कसे गेले हे आपण भेटायला गेलो की विचारतोच, घरचेही तेच दहा वेळा सांगून मोकळे होतात, पण इंग्रजीत मेसेजवर ते खोदून विचारल्यासारखं वाटू शकतं. तो आपणहून बोलला तर ऐक.

‘आय ॲम सॉरी कसं म्हणू, माझी काय चूक’ असं विचारलंयस. सॉरी हा जुन्या इंग्रजीतला शब्द, ‘सोअर’ म्हणजे दुखरं, त्याच्याच घरातला, म्हणजे ‘मलाही वाईट वाटतंय’ इतकंच. ‘कन्डोलन्सेस’ कार्डावर शोभतं. ‘व्हॉट अ पिटी’ मात्र बस चुकली, मॅच पावसात गेली अशा ठिकाणी. आणि ‘ॲट लीस्ट’ने सुरू होणारं वाक्य कधीच नको, ‘वय झालं होतं, सुटले’ हे तर मला मराठीतसुद्धा सहन होत नाही.

माझी आई गेली तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीतून घरी आलो तर शेजारच्या काकूंनी ओट्यावर पिठलं-भाताची पातेली ठेवलेली, वर ताट झाकलेलं, काही बोलल्या नाहीत, पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या. २२ वर्षं झाली, मला अजून ते ताट दिसतं. लंडनला पिठलं नाही पाठवता येत पण काम तर उचलता येतं ना. ‘लेट मी नो इफ यू नीड एनीथिंग’ सगळेच लिहितात आणि दुःखातला माणूस काही मागायला येत नाही, म्हणून तू नेमकं काय करणार तेच सांग.

आज हे पाठव: ‘आय ॲम सो सॉरी अबाऊट युवर डॅड. आय विल टेक द थर्सडे कॉल. नो नीड टू रिप्लाय.’ आधीच्या मेसेजची वेगळी माफी नको, उलट त्यालाच तुझी समजूत काढत बसावं लागेल. गुरुवारचा कॉल मात्र खरंच घे, बुधवारी रात्री त्याच्या नोट्स वाचून ठेव.