कोविड जाऊन इतकी वर्षं झाली तरी कॅज्युअल्टीत सिस्टर असलेली माझी बहीण अलार्म वाजला की दचकते, आणि आता "मला काहीच वाटत नाही" म्हणते. हे काय आहे? नोकरी सोड म्हणू का?

मी डॉक्टर नाही. सोलापुरात कॅज्युअल्टीला ब्रदर (पुरुष नर्स) आहे, 2020 ला पण होतो आन् आजपण आहे, म्हणून लिहितोय.

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात, त्या एक नाहीत. अलार्मला दचकणं, ड्युटीला निघताना पोटात गोळा येणं ही अँक्झायटी, माझं तर घरातला कुकर वाजला तरी व्हायचं. आणि "काहीच वाटत नाही" हे बर्नआउटकडं जातं. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, बर्नआउट आजार म्हणून नाही, कामातून होणारी गोष्ट म्हणून घातलंय: पार गळून जाणं, कामाचा वीट येऊन तुटक होणं, आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. आजार नाही म्हणजे नाटक नव्हे हां. गडबड बहिणीत कमी आणि ड्युटी चार्टमध्ये जास्त असते, एवढंच.

माझं सांगतो. एप्रिल 2021, दुसरी लाट. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीच असेल, त्यात पीपीई किट, सहा सहा तास पाणी नाही का लघवी नाही, काढलं की हातमोज्यातनं घाम ओतायचा. ते निभलं की, अंग दुखतं ते झोपलं की जातं. गेलं नाही ते वेगळंच. ऑक्सिजनचा बेड एक आणि दारात रिक्षात तिघं. आत कुणाला घ्यायचं ते डॉक्टर ठरवायचे, पण बाहेर जाऊन सांगायचं मी. विडी घरकुलातली (विडी कामगारांची वसाहत) एक आजी होती, तेलुगू सोडून काही येत नव्हतं, मला बरोबरच्या सिस्टरनं एकच वाक्य शिकवलेलं, "भयपडकु अम्मा", घाबरू नको म्हणून. सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) खाली खाली चाललंय आणि मी आपलं तेवढंच म्हणतोय. बेड मिळाला तिला, पण पहाटे गेली. त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन लई रडलो. मे महिन्यात मात्र कुणी गेलं की मी घड्याळ बघायचो, बॉडी बॅग काढायचो आणि जाऊन कडक भाकरी शेंगाचटणी खायचो. मला वाटलं आपण घट्ट झालो. रडू येत होतं तोवर मी ठीक होतो हे कळायला वर्ष गेलं.

(2020 च्या मार्चमध्ये थाळ्या वाजवणाऱ्या घरमालकानंच मेमध्ये खोली खाली करा म्हटलं, ते वेगळं.)

आमच्याकडं एकदा स्ट्रेस मॅनेजमेंटचं लेक्चर ठेवलं, नाइट संपल्या संपल्या. श्वास आत घ्या म्हणेपर्यंत निम्मे लोक झोपले. झोप हीच गरज होती म्हणा. फायदा कशाचा झाला तर तीन महिने कॅज्युअल्टीतून ओपीडीला बदली मागितली, नाइट कमी झाल्या, मानसोपचारतज्ज्ञाकडं गेलो (बदनामीच्या भीतीनं आधी दुसऱ्या गावात, वेडेपणाच तो), आणि त्या वेळी माझ्याबरोबर असलेल्या सिस्टरशी बोललो. तिला आजी आठवत होती. एवढ्यानं किती हलकं वाटलं सांगता येत नाही.

बहीण दवाखान्यात जायला तयार नसेल तर टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) 14416 वर फोन करता येतो, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलली तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन जा. आणि "विसर की आता" तेवढं म्हणू नका, प्लीज.

नोकरीचं तुम्ही सांगू नका, तिचं तिला ठरवू द्या. फक्त नाइट करून आलेल्या दिवशी ठरवायचं नाही, एवढं कबूल करून घ्या.