रॅकेटवाली बाई, पंचवीस सेंटवर

प्रश्न : काकू, नमस्कार. मी सोलापुरात पूर्व भागात राहते, शाळेचे गणवेश शिवते. अमेरिकेहून आलेल्या भाच्याने खिशातली चिल्लर माझ्या लेकीला दिली. त्यातल्या एका नाण्यावर टेनिसची रॅकेट घेतलेली बाई आहे, २०२५ साल आहे. सराफाने ‘चांदी नाही’ म्हणून परत दिलं. मोबाईलवर एक जण म्हणतो, नाणं दुर्मिळ आहे, दोन लाखांना घेतो, आधी नोंदणीचे १,२०० रुपये भरा. लेक टेनिस शिकते, ती म्हणते विकायचं नाही. ही बाई कोण? आणि नाण्याची खरी किंमत काय?

उत्तर : ताई, आधी त्या १,२०० रुपयांचं बोलू. भरले नसतील तर अजिबात भरू नका, आणि त्या माणसाला आधार, पॅन, ओटीपी काही देऊ नका. नाण्याच्या नावाखाली अशी फी उकळण्याचा धंदा जुना आहे. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच लोकांना यापासून सावध केलं होतं. बँकेत काउंटरवर होते तेव्हा असे पैसे भरून बसलेल्या दोन बायका माझ्यासमोर रडल्या आहेत. म्हणून हे पहिल्या ओळीत लिहिलं.

सराफाने खरं सांगितलं. नाणं बोटांत आडवं धरा आणि दारातल्या उजेडात त्याची कड बघा. दोन पांढुरक्या रेघांच्या मधे तांबूस पट्टा दिसेल. आत शुद्ध तांबं आहे आणि दोन्ही अंगांना तांबं-निकेलच्या मिश्रणाचा पातळ थर. तुम्ही कॉलर शिवताना दोन कापडांच्या मधे बकरम घालता ना, तसंच. वजन ५.६७ ग्रॅम. अमेरिकेत संग्राहकांसाठी याचीच चांदीची प्रतही निघते, पण तिच्या कडेला तांबडी रेघ नसते. तुमचं नाणं पाव डॉलरचं, म्हणजे २५ सेंटचं. आपल्या पैशांत वीस-पंचवीस रुपये. तिकडे किराणा दुकानात सुट्टे म्हणून मिळतं. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांचा चेहरा आहे, तिथे बारीक ‘पी’ असेल तर ते फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतलं, ‘डी’ असेल तर डेन्व्हरचं. आपल्या मुंबईच्या नाण्यावर सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असते, हैदराबादच्या नाण्यावर चांदणी, तशीच ही खूण.

आता ती बाई. तिचं नाव अल्थिया गिब्सन. अमेरिकेने २०२२ ते २०२५ या चार वर्षांत वीस स्त्रियांची नाणी काढली, त्यातलं हे शेवटचं. जन्म १९२७ चा, दक्षिण कॅरोलिनातल्या कापूस पिकवणाऱ्या घरात. वाढली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. तिथे गल्लीत लाकडी फळीने खेळायचं पॅडल टेनिस ती शिकली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढून तिला टेनिस क्लबात घातलं. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धा असत. त्यांत १९४७ पासून ती सलग दहा वर्षं राष्ट्रीय विजेती होती. पण गोऱ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं दार बंद. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तिथे जायचं तर आधी मोठ्या क्लबांच्या स्पर्धांत खेळून दाखवावं लागे, आणि ते क्लब कृष्णवर्णीयांना बोलवतच नसत.

ते दार एका पत्राने ढकललं. अॅलिस मार्बल ही गोरी, नावाजलेली विजेती. तिने जुलै १९५० मध्ये टेनिसच्या एका मासिकात लिहिलं, की ही मुलगी आजच्या खेळाडूंना आव्हान असेल तर त्यांनी तिला कोर्टावर तोंड द्यावं, एवढाच न्याय. त्याच ऑगस्टमध्ये अल्थिया राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तिथे खेळणारी ती पहिली कृष्णवर्णीय, पुरुषांतही तिच्याआधी कुणी नव्हतं. दुसऱ्या फेरीत समोर लुईज ब्रॉ, नुकतीच तिसऱ्यांदा विम्बल्डन जिंकून आलेली. तिसऱ्या सेटमध्ये अल्थिया ७-६ ने पुढे होती आणि वादळ आलं. वीज अशी कोसळली की स्टेडियमच्या माथ्यावरचा दगडी गरुड खाली आला. खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ब्रॉने तो सेट ९-७ असा घेतला. मला तिच्या विजयांपेक्षा ही रात्र जास्त आठवते. पुढे असताना थांबावं लागलेली तेवीस वर्षांची पोर, ती त्या रात्री झोपली असेल का?

मग १९५६ मध्ये फ्रान्सची स्पर्धा, १९५७ आणि १९५८ मध्ये विम्बल्डन, आणि त्याच दोन वर्षी अमेरिकेचं राष्ट्रीय विजेतेपदही. पहिलं विम्बल्डन राणी एलिझाबेथच्या हातून घेतलं. न्यूयॉर्कने तिची मिरवणूक काढली.

तुमच्या लेकीला एक गोष्ट मुद्दाम सांगा. १९५५ च्या अखेरीस अमेरिकी सरकारने काही खेळाडूंना आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं, त्यात अल्थिया होती, आणि ती भारतात येऊन खेळली. इथेच तिची इंग्लंडच्या अँजेला बक्स्टनशी ओळख झाली. बक्स्टन ज्यू, तिलाही क्लबांनी दूर ठेवलेलं. पुढच्याच वर्षी दोघींनी मिळून विम्बल्डनची दुहेरी जिंकली.

तेव्हा टेनिसमध्ये बक्षिसाचे पैसे नसत. जगातली पहिल्या नंबरची खेळाडू, आणि घरभाड्याची चिंता. पुढे ती गोल्फकडे वळली, १९६४ मध्ये व्यावसायिक गोल्फ दौऱ्यावर खेळणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री झाली. तरी उतारवयात आजारपण आणि हलाखी आलीच. औषधाला पैसे नव्हते. तिने बक्स्टनला फोन केला. बक्स्टनने एका टेनिस नियतकालिकात पत्र छापून आणलं आणि जगभरातून मदतीची पाकिटं आली. २००३ मध्ये ती गेली. मासिकातली दोन पत्रं, एक तिच्या सुरुवातीला, एक शेवटी. वाचकांच्या पत्रांना मी उत्तरं देते, म्हणून मला हे फार जवळचं वाटतं.

तेव्हा ताई, लेकीचं ऐका. नाणं तिच्याकडेच असू द्या. कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवा, मऊ प्लास्टिकच्या थैलीत नको, त्याने हिरवट चिकट डाग येतो.

प्रश्न : चिंचेने घासून चकचकीत केलं तर चालेल का? आणि आपल्याकडे स्त्रियांची नाणी आहेत का? (दुसऱ्या वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : घासू नका. तांब्याच्या तांब्याला चिंच लावतो ती गोष्ट वेगळी. नाण्यावरचे बारीक उठाव चिंचेने आणि चोथ्याने झिजतात आणि ते परत येत नाहीत. हाताळायचं ते कडेला धरून.

आपल्याकडे आहेत. मदर तेरेसांचं पाच रुपयांचं २०१० मध्ये आलं, बेगम अख्तर यांचं २०१४ मध्ये. अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीला, ३१ मे २०२५ रोजी, ३०० रुपयांचं नाणं निघालं. आपल्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे, पण ते नाणं बाजारात चालत नाही, फक्त संग्राहकांसाठी आहे. गड्ड्याची जत्रा संपली की होम मैदानावरचे पाळणेवाले, खेळणीवाले चिल्लरच्या पिशव्या घेऊन बँकेत यायचे. मी एकतीस वर्षं ती मोजली. त्या ढिगात एखाद्या खेळाडू बाईचं नाणं हाताला लागल्याचं मला आठवत नाही. ते लागायला हवं होतं.